गळ्यातले सात महादेवप्पा

अनिलकुमारच्या घरात सोनं होतं, पण ते अंगावर घालायची सोय नव्हती. त्याला सोनं म्हणायचीही सोय नव्हती.

"सोनं म्हणू नको त्याला, नाणं म्हण," तो बायकोला बजावायचा. "सोन्याला नुसता भाव असतोय. नाण्याला इतिहास असतोय."

"असंल," श्रीदेवी म्हणायची. "पण लग्नाला जाताना मी गळ्यात काय घालू, इतिहास?"

श्रीदेवी खटकचिंचोळीच्या अंगणवाडीत शिकवायची आणि लग्नकार्याला एक ग्रामच्या दागिन्यांवर भागवायची. ते दागिने मांडवात शिरताना पिवळे असत आणि पंगत उठेपर्यंत गळ्याला हिरवा पट्टा देऊन जात. अनिलकुमार भालकीच्या एका कॉलेजात कारकून होता. बसमधून जाता-येता मोबाईलवरचा 'नाणेप्रेमी' नावाचा ग्रुप वाचून वाचून त्याला असं ज्ञान झालं होतं, की दागिने हा अडाण्यांचा खेळ आहे आणि शहाण्या माणसानं स्मारक-नाणी घ्यावीत. कुठल्या बँकेचा सुवर्णमहोत्सव, कुठल्या ट्रस्टची शताब्दी. नाणं घेताना सोन्याच्या भावाहून जास्त द्यायचे, विकायला गेलं की सोनार सोन्याच्या भावातून आणखी कापून घ्यायचा, आणि मधल्या काळात त्याला हात लावायचा नाही, कारण हात लागला की प्लास्टिकचं सील खराब होतं आणि किंमत उतरते. या व्यवहारात फायदा नक्की कुठे आहे, हे श्रीदेवीनं दोन-तीनदा विचारून पाहिलं. ते ग्रुपवर नसलेल्या माणसाला कळणार नाही, असं तिला सांगण्यात आलं.

या सगळ्या संग्रहात अनिलकुमारचा खरा जीव होता तो सात महादेवप्पांवर.

महादेवप्पा हे गावच्या पतसंस्थेचे चेअरमन. त्यांच्या षष्टीला, म्हणजे साठाव्या वाढदिवसाला, त्यांनी आपल्या जवळच्या माणसांना सोन्याचं एकेक नाणं वाटलं होतं. एका बाजूला महादेवप्पांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बैलजोडी. साचा करणाऱ्याला महादेवप्पांचं नाक जमलं नव्हतं, बैल मात्र जिवंत उतरले होते. नाणं घेताना लोकांनी ते डोळ्यांना लावलं. पुढच्याच वर्षी महादेवप्पा निवडणुकीत पडले, आणि त्याच लोकांना ते घरात ठेवायची अडचण वाटू लागली. कुणी त्याच्या बांगड्या केल्या, कुणी कानातलं. चिंताकीपासून जनवाड्यापर्यंत ज्याला सोनाराकडे जायची लाज वाटत होती, तो मागच्या दारानं अनिलकुमारकडे आला. अनिलकुमारनं मोडीच्या भावानं एकेक करत सात नाणी गोळा केली, आणि कुठलं नाणं कुणाचं, हे त्यावरच्या बारीक ओरखड्यांसकट देवाच्या नावांसारखं पाठ करून ठेवलं. नाणं अस्सल असून भागत नाही, ते कुणाच्या घरातून आलं हेही माहीत पाहिजे, असं ग्रुपचं म्हणणं होतं.

पुढे सोनं महाग होत गेलं. सकाळचा भाव संध्याकाळी राहीना. "आता तर मोडा. न्हाई तर माझ्यासाठी काहीतरी करा," श्रीदेवी म्हणायची, आणि अनिलकुमार मोबाईलवरून नजर न उचलता म्हणायचा, "थांब."

आणि पहिल्यांदाच त्याचं थांबणं फळाला आलं. महादेवप्पांनी पक्ष बदलला, नव्या पक्षानं त्यांना एका महामंडळाचं अध्यक्षपद दिलं, आणि गावात सरकारी लाल पाटीची गाडी आली. गाडीतून उतरल्या उतरल्या महादेवप्पांनी जाहीर केलं, की पडत्या काळातही ज्यांनी आपलं नाणं जपलं अशा निष्ठावंतांचा जाहीर सत्कार करण्यात येईल. येताना नाणं घेऊन यावं.

त्या दिवशी तालुक्यातल्या बऱ्याच घरांत पुरुषांनी बायकांच्या हाताकडे आणि कानाकडे बघत जेवण केलं.

दोन दिवसांत अनिलकुमारच्या ओट्यावर माणसं दिसू लागली. पहिले आले भीमण्णा. ते पतसंस्थेचे जुने संचालक, आणि सातातलं एक नाणं त्यांचंच होतं. दुसरा नागेश, रस्ते-मोऱ्यांची कामं घेणारा तरुण कंत्राटदार. महादेवप्पांच्या षष्टीच्या वेळी तो दुसऱ्याच गटात होता, त्यामुळे त्याला नाणं मिळालंच नव्हतं आणि म्हणूनच ते त्याला सगळ्यांत जास्त हवं होतं.

"अण्णा, भावाचं तुमी बोला," नागेश म्हणाला. "मी न्हाई म्हणणार न्हाई."

"माझंच मला द्यायला भाव कामून लावायलाव?" भीमण्णांनी विचारलं.

"भीमण्णा, ते तुमी विकलं तवा सोनं व्हतं," अनिलकुमार शांतपणे म्हणाला. "आता ते निष्ठा हाय. निष्ठेचा भाव येगळा."

भाव ठरला. सोन्याच्या वर आणखी निम्मा. अनिलकुमारला आयुष्यात कधी आलं नव्हतं असं हसू आलं. त्यानं दोघांना चहा दिला आणि आत जाऊन तुरीच्या डाळीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. बिस्किटाचा डबा वर काढला. डब्यात प्लास्टिकची सात रिकामी पाकिटं होती, नीट रचून रबर लावलेली.

श्रीदेवी आणि त्याची आई पद्माबाई सकाळीच जनवाड्याला लग्नाला गेल्या होत्या. श्रीदेवीच्या मावसभावाचं लग्न. अनिलकुमारनं फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"नाणी कुठं हायत?"

"काय?"

"नाणी."

"गळ्यात."

"कुणाच्या गळ्यात?"

"माझ्या. आनखी कुणाच्या असत्याल? सोनाराकडनं कड्या झाळून घेतल्या. पुतळ्याची माळ केली. लई झ्याक दिसायलीय, माय बी म्हणायल्यात."

अनिलकुमारनं रिकामी पाकिटं पुन्हा एकदा मोजली. "मला इचारल्याबगर?"

"इचारलं की. परवा रोटी वाढताना इचारलं. तुमी मोबाईलात बघत 'हूं' म्हणलाव."

तो हूं कुठल्या तरी ट्रस्टच्या नाण्याला होता, हे आता सांगून उपयोग नव्हता. अनिलकुमार बाहेर आला आणि त्यानं जे घडलं ते दोघांना सांगितलं. भीमण्णांनी कपाळाला हात लावला. नागेश मात्र कंत्राटदार होता. काम बिघडलं म्हणून थांबायची त्याला सवय नव्हती.

"कडी कापू," तो म्हणाला. "वरून जरा घासू. अप्पांना जवळचं कुठं दिसतंय. बसा गाडीत."

नागेशची गाडी जनवाड्याच्या मंगल कार्यालयासमोर थांबली, तेव्हा तिच्या पुढ्यात लाल पाटीची गाडी उभी होती.

महादेवप्पा या लग्नाला येणार आहेत, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते नवऱ्या मुलाच्या बापाच्या आग्रहाखातर आले होते आणि सोबत पत्नी निलम्माही होत्या. अक्षतांना वेळ होता. महादेवप्पा पुढच्या सोफ्यावर बसून नमस्कार घेत होते. निलम्मा बायकांच्या बाजूला गेल्या, आणि तिथे त्यांना एका परक्या बाईच्या गळ्यात आपला नवरा दिसला. एकदा नव्हे, सातदा.

निलम्मांचं माहेर गुलबर्ग्याकडचं, घरात कन्नड. पण अशा वेळी त्यांना मराठी फार स्वच्छ सुचायचं.

"अक्का, गळ्यात हे काय घातलंस?"

"पुतळ्याची माळ," श्रीदेवी कौतुकानं म्हणाली.

"पुतळीवर लक्ष्मी असती. हे आमचे मालक हायत."

श्रीदेवीनं हनुवटी छातीला टेकवून बघितलं. नाणी आल्यापासून ती सीलबंद पाकिटात होती आणि तिला ती फक्त लांबून दाखवली जायची. "खरं सांगू का अक्का," ती म्हणाली, "मी सोनं बघितलं. तोंड बघितलंच न्हाई."

आजूबाजूच्या बायका बघू लागल्या. हळूहळू ही बातमी बायकांच्या बाजूनं पुरुषांच्या बाजूला गेली, आणि महादेवप्पा स्वतः उठून आले. त्यांनी माळ पाहिली. पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले, कारण इतकी भक्ती त्यांच्या सख्ख्या भावानंही दाखवली नव्हती. मग त्यांच्या मनात हिशेब झाला.

"सात कशी?" त्यांनी विचारलं. "एका घरात मी एकच दिलं होतं. आणि ह्यांच्या घरात तर दिलंच नव्हतं."

तेवढ्यात अनिलकुमार धापा टाकत पोचला.

"बरा आलास बघ," महादेवप्पा म्हणाले. "ही सात कुणाकुणाकडनं आणलास?"

साध्या आवाजातला प्रश्न होता, पण सगळा मांडव ऐकत होता. अनिलकुमारनं समोर बघितलं. डावीकडून तिसरं नाणं भीमण्णांचं होतं, आणि भीमण्णा खांबाला टेकून हात जोडल्यासारखे उभे होते. मधलं नाणं महादेवप्पांच्या खुद्द पुतण्याचं होतं, आणि पुतण्या काकांच्या मागे त्यांची शाल धरून उभा होता. टोकाचं नाणं नवऱ्या मुलाच्या बापाचं. त्यानं तर मुंडावळ्या बांधलेल्या मुलाचा खांदा घट्ट पकडला होता. सात घरांची नावं अनिलकुमारच्या जिभेवर तयार होती. ग्रुपवर तो ती अभिमानानं सांगायचा. इथे एक नाव निघालं असतं, तर लग्न तरी मोडलं असतं किंवा एखादं घर तरी.

त्यानं माळेवरून नजर काढली.

"कुणाकडनं न्हाई, अप्पा. ह्या नकला हायत."

"नकला?"

"एक ग्रामच्या. बायकोला हौस. अस्सल नाणं एकदा कुणाकडं तरी बघितलं, त्यावरनं साचा करून घेतला. अस्सल ज्याच्या त्याच्या घरी जपून हाय की."

सहा ठिकाणांहून श्वास सुटल्याचा आवाज आला. सातवा माणूस लग्नाला आला नव्हता. श्रीदेवीनं नवऱ्याकडे एकवार बघितलं, आणि त्याचा चेहरा बघून ती गप्प राहिली. पद्माबाईंना मात्र हे पटेना.

"नकली कसं रे? सोनारानं माझ्यासमोर कस लावून—"

"माय, अक्षता वाटायल्यात," श्रीदेवीनं त्यांच्या मुठीत तांदूळ कोंबले. "चला पुढं."

महादेवप्पांचा चेहरा खुलला. "बरोबर हाय," ते जमलेल्यांना म्हणाले. "नक्कल मोठ्या माणसाचीच निघती. लहान माणसाची कोण काढंल?"

निलम्मांचं समाधान एवढ्यावर होईना. "नक्कल असू दे न्हाई तर अस्सल. माझे मालक दुसरीच्या गळ्यात लोंबकळायला नकोत. काढ."

"भर लग्नात गळा मोकळा कसा ठेवू, अक्का?"

शेवटी निलम्मांनी स्वतःच हात पुढे केला आणि एकेक नाणं उलटं केलं. महादेवप्पा श्रीदेवीच्या छातीकडे तोंड करून गेले खरे, पण ते आता कुणाला दिसत नव्हते. बाहेर सात बैलजोड्या आल्या.

"आता बरं दिसायलंय," निलम्मा म्हणाल्या.

लग्न लागलं. मोडला तो बाजार.

परतीच्या वाटेवर नागेश गाडी चालवता चालवता म्हणाला, "अण्णा, तुमाला मी मोठ्या भावासारखं मानत व्हतो. नकली नाणं मला अस्सलच्या वरच्या भावानं इकायलाव व्हय?"

"नागेश, ते नकली न्हाई."

"तुमीच सांगितलाव की, पाचशे माणसात."

भीमण्णा मागच्या सीटवर होते. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, पण ते खिडकीतून ज्वारीची शेतं न्याहाळत बसले. त्यांना आता घाईही नव्हती. नक्कल होऊ शकते, ही कल्पना त्यांना अनिलकुमारनंच दिली होती. आठवडा संपायच्या आत बीदरच्या एका एक ग्रामवाल्या दुकानात महादेवप्पांचा साचा तयार झाला आणि निष्ठावंत एकेकटे, तोंडाला रुमाल बांधून, आपापली निष्ठा घेऊन गेले. कपबशीच्या किमतीत ती मिळत होती. नागेशनं दोन घेतल्या, एखादी हरवली तर असावी म्हणून.

अनिलकुमारची सात अस्सल नाणी तालुक्यातली सगळ्यांत प्रसिद्ध नकली नाणी झाली. 'नाणेप्रेमी' ग्रुपवर कुणीतरी त्याचं नाव न घेता इशारा टाकला, की काही लोक बनावट माल खपवतात, सावध राहावं. अनिलकुमारनं उत्तर लिहिलं आणि पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं. नाणी खरी आहेत असं सिद्ध करायचं, तर ती कुणाकडून आली ते सांगावं लागत होतं.

श्रीदेवीला मात्र दिवस चांगले आले. जी माळ लग्नाला घालायची म्हणून केली होती, ती आता ती अंगणवाडीत घालू लागली. भालकीच्या बाजारात, बसच्या गर्दीत, कुठेही. चोरालाही ठाऊक होतं की ती नकली आहे. "किती झ्याक हाय एक ग्रामचं, पालिश उतरंना कसं?" असं बायका विचारायच्या, आणि श्रीदेवी म्हणायची, "जपून वापरते." मागे चाललेला अनिलकुमार त्या दिवशीचा सोन्याचा भाव आठवून दात आवळायचा. भाव वाढला की त्याला वाईट वाटायचं. जगात असं वाईट वाटणारा सोन्याचा मालक बहुधा तो एकटाच असेल.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी लाल पाटीची गाडी त्याच्या दारापासून बऱ्याच लांब थांबली आणि महादेवप्पा एकटेच चालत आले. घोंगडीवर बसले, पाणी प्याले, पद्माबाईंची गुडघेदुखी विचारली. मग आवाज खाली आणला.

"अनिलकुमार, एक काम होतं. त्या नकला तू कुठं करून घेतलास?"

"कामून अप्पा?"

"उद्या सत्कार. पहिल्यांदा मीच माझं नाणं स्टेजवर दाखवणार, मग बाकीचे. असं पत्रिकेत छापलंय." महादेवप्पांनी दाराकडे नजर टाकली. "माझं नाणं न्हाई माझ्याकडं."

"हरवलं?"

"मोडलं. इलेक्शनला पडलो, खर्च अंगावर आला. षष्टीची चार-पाच उरली होती, सगळी मोडून निलम्माच्या बांगड्या केल्या. ती लई नाराज होती तवा." मग ते मुद्द्यावर आले. "बीदरची नक्कल मागवून बघितली. नाक लईच वाईट. तुझ्या बायकोच्या माळेतली नक्कल एकदम अस्सल वाटती बघ. त्यातलं एक सोडवून दे. नकलीला जो भाव असंल तो घे, वर शंभर जास्त घे."

ज्या नाण्यासाठी लोक सोन्याच्या वर निम्मा भाव द्यायला तयार होते, ते आता खुद्द नाण्यावरचा माणूस कपबशीच्या भावात मागत होता, आणि नाही म्हणायला कारण नव्हतं. नकली वस्तूवर एवढा जीव का, हे कुणी विचारलं असतं तर काय सांगणार?

श्रीदेवी आत स्वयंपाकघराच्या दारात शेंगा निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"अप्पा, तुमचं नाणं कुठं गेलंय? घरातच हाय की."

"बांगड्यात गेलं म्हणून सांगितलो नव्हं."

"तेच म्हणते. बांगड्या अक्काच्या हातात हायत. मग अक्कालाच स्टेजवर न्या. नकली दाखवण्यापरास ते बरं."

महादेवप्पांनी तिच्या गळ्यातल्या बैलांकडे बघितलं. "आय्तु," ते स्वतःशीच म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव भरला. निष्ठावंत पहिल्या ओळीत बसले होते. प्रत्येकाच्या खिशात रुमालात गुंडाळलेली बीदरची नक्कल होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, की आपल्याखेरीज बाकीच्यांचं अस्सल आहे. अनिलकुमार आणि श्रीदेवी कडेला बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गावातलाच कार्यक्रम होता.

महादेवप्पा माईकसमोर आले. त्यांनी निलम्मांना बोलावलं. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात निलम्मा पहिल्यांदाच स्टेजवर चढत होत्या. त्यांना काय करायचं ते कळेना, म्हणून त्या पदर सावरत उभ्या राहिल्या. महादेवप्पांनी त्यांचा हात धरून वर केला. बांगड्या उन्हात चमकल्या.

"माझं नाणं मी पेटीत ठेवलो न्हाई," महादेवप्पा म्हणाले. "पडत्या काळात जिनं मला सांभाळली, तिच्या हातात घातलो. ज्यानं आपलं नाणं घरच्या लक्ष्मीच्या अंगावर चढवलं, तो खरा निष्ठावंत. नाणं पेटीत ठेवून भाव बघत बसला, तो कसला निष्ठावंत?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. निलम्मा रडायला लागल्या आणि मग हसायला लागल्या. पहिल्या ओळीत एकदम हालचाल झाली. हात खिशाकडे गेले ते रुमाल काढायला नव्हे, आणखी आत ढकलायला. मग मोबाईल निघाले. कुणी खाली वाकून, कुणी तोंडावर हात ठेवून घरी फोन लावत होतं, की कानातलं घाल, बांगड्या घाल, आहे तशी ये. ज्यांनी महादेवप्पांना आधीच मोडून टाकलं होतं, त्यांच्या अंगात बळ आलं. ज्यांनी नाणी विकून पैसे दुसऱ्याच कशात घातले होते, ते खुर्चीत खाली घसरले. भीमण्णांनी त्या पैशात पाण्याची मोटार घेतली होती. ती स्टेजवर कशी आणणार?

श्रीदेवीनं गळ्यातली माळ सारखी केली. अनिलकुमारनं तिच्याकडे बघितलं. किती तरी दिवसांनी त्याला भाव आठवला नाही. माळ तिला शोभत होती एवढंच त्याच्या लक्षात आलं, आणि हे आपण आधी का बघितलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. तो तिला तसं सांगणार होता, एवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी त्याचा शर्ट ओढला.

नागेश होता. लग्न न झालेला, नाणं न मिळालेला, दोन नकला खिशात घेऊन बसलेला.

"अण्णा," तो अनिलकुमारच्या कानाशी लागला, "झालं गेलं इसरा. कुणाकडं मोडलेलं एखादं मिळंल का? भावाचं तुमी बोला."